शर्यत हायवेवर नको, म्हणूनच बंद रस्ता हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रविवारी सकाळी रस्ता अडवून सायकली कसल्या पळवता?’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं होतं. ज्या हौशी संघानं ती शर्यत भरवली, त्यात मी पळतोही आणि खुर्च्या-दोऱ्याही उचलतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे. त्यांचा वैताग मला समजतो. फाट्यावर दोरी आडवी, शिट्टीवाला पोरगा म्हणतोय ‘दोन मिनिटं थांबा काका’, आणि मागं दुधाची गाडी खोळंबलेली. पण पत्राच्या शेवटी त्यांनी जो उपाय सुचवला, ‘हायवेवर जाऊन काय ते करा’, तो जिवावर बेतणारा आहे.

सोलापूरकराला हायवे काय चीज आहे हे सांगायला नको. पुण्याहून हैदराबादला जाणारा 65 क्रमांकाचा आणि विजयपूरकडं उतरणारा 52 क्रमांकाचा, दोन्हींवर रात्रंदिवस ट्रक. त्यात गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर येतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. आमचा सराव नाइलाजानं याच रस्त्यांवर होतो, एकामागं एक, डाव्या कडेनं. शर्यतीचं तसं नसतं. ताशी चाळीसच्या वेगात सायकलवाल्याची बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की त्यातली पाव ते तिसरा हिस्सा वाचते. त्यामुळं सगळे एकमेकांना चिकटून पळतात, पुढच्याच्या चाकात आणि आपल्या चाकात जेमतेम हातभर अंतर, नजर त्याच चाकावर. अशा वेळी मागून येणाऱ्या ट्रकचं भान ठेवायचं कुणी?

आम्ही भरवतो ती शर्यत क्रायटेरियम. बोलताना नुसतं ‘क्रिट’. एक-सव्वा किलोमीटरचा बंद वेढा आणि त्यावर फेऱ्या. किती किलोमीटर हे ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते: तीस मिनिटं आणि वर तीन फेऱ्या. तीस मिनिटं भरली की पाटीवर 3 लागतो, मग 2, आणि शेवटच्या फेरीला घंटा. घंटा आमच्यातल्या एका मास्तरांनी आणलेली, शाळेतली जुनी पितळी. वेळ मोजणाऱ्या चिपा आम्हाला परवडत नाहीत. रेषेवर मोबाइल तिपाईला लावून चित्रण करतो आणि शेजारी दोघं जण वहीत नंबर लिहीत बसतात. वाद झाला की चित्रण बघायचं, आणि वाद होतोच. मधल्या एखाद्या फेरीलाही घंटा देतात. त्या फेरीत जो पहिला येईल त्याला वेगळं बक्षीस. आमच्याकडं ते म्हणजे सोलापुरी टॉवेल, फार तर चादर, नाहीतर शेंगाचटणीचं पाकीट. घरात चटणीचा डबा भरलेला असताना त्या पाकिटासाठी जीव तोडून पळणारे लोक मी पाहिलेत.

हिशेब करून पाहा. 1.2 किलोमीटरचा वेढा ताशी 36 च्या वेगानं मारला तर फेरी बरोबर दोन मिनिटांत पूर्ण होते. म्हणजे तो शिट्टीवाला पोरगा वेळ मारून नेत नव्हता. घोळका पुढं गेला की मधल्या मोकळ्या वेळात माणूस, स्कूटर, दुधाची गाडी, सगळं सोडता येतं. निदान शर्यतीच्या सुरुवातीला येतं. पुढं घोळका फुटतो, मागं पडलेले विखुरतात आणि मोकळी जागा कमी होते. म्हणून ज्यांना फेरीचा फटका बसला, म्हणजे जे पुढच्यांपेक्षा अख्खी एक फेरी मागं पडले, त्यांना आम्ही बाजूला काढतो. त्यांना वाईट वाटतं, पण रस्ता सुटसुटीत राहतो.

खरं काम शर्यतीच्या आधी असतं, पहाटे पाचला, वळणांवर. वाळूच्या डंपरमधून सांडलेली बारीक वाळू नेमकी वळणाच्या आतल्या अंगाला साठते. तिचे चार दाणे टायरखाली आले की सायकल अंगाखालून निघून जाते. त्यामुळं आधी खराटा, मग केरसुणी, मग एक जण चक्क हात फिरवून बघतो. विजेच्या खांबांना जुन्या गाद्या आणि कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. गटाराचं झाकण वर आलेलं असेल, खड्डा असेल, तर त्याभोवती फक्कीचं कडं करायचं आणि शर्यतीआधी सगळ्यांना चालत नेऊन ते दाखवायचं. वळणात आतल्या बाजूचं पायडल वर, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. हे तोंडी सांगून होत नाही, पोरांना हळू फेऱ्या मारायला लावूनच समजतं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा आमचा साध्या सायकलींचा गट. पूर्व भागातली, यंत्रमाग कामगारांच्या घरातली पोरं येतात. कुणाची सायकल दादाची, कुणाची शेजाऱ्याची. त्यांना गिअरवाल्यांबरोबर सोडत नाही, वेगळी आणि छोटी शर्यत ठेवतो. नोंदणीच्या टेबलाशी आमचा एक मेकॅनिक पाना घेऊन उकिडवा बसलेला असतो. कॅरिअर काढ, घंटी काढ आणि मुख्य म्हणजे स्टँड काढ. स्टँड डाव्या बाजूला असतो आणि आमच्या वेढ्यात सगळी वळणं डावी. सायकल कलली की स्टँड रस्त्याला घासतो आणि पोरगं तोंडावर येतं. हँडलच्या उघड्या नळीत बूच नसेल तर तो स्वतः लाकडाची खुंटी तासून ठोकतो. ब्रेक दाबून चाक थांबलं नाही तर शर्यत नाही, मग पोरगं कितीही रडो. इतकी तपासणी करणारे लोक बेजबाबदार असतील असं मला वाटत नाही, पण मी आमच्याच बाजूनं बोलणार.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र खरा आणि वजनदार आहे: वेढ्याच्या आत ज्यांची घरं आहेत त्यांनी काय करायचं? रस्ता लांबवर बंद असेल तर दुसऱ्या रस्त्यानं जाता येतं, वेढ्याच्या आतला माणूस सर्व बाजूंनी अडकतो. रुग्णवाहिका आली तर लाल झेंडा दाखवून शर्यत तिथंच थांबवायची, हा आमचा नियम आहे. तरी डायलिसिसला निघालेल्या माणसानं आमच्या झेंड्याच्या भरवशावर का राहावं? म्हणून माझं म्हणणं असं की क्रिट वस्तीत नकोच. अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळीला औद्योगिक वसाहतींमध्ये चौकोनी आखलेले रुंद रस्ते आहेत. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी तिथं सात ते साडेनऊ एवढाच वेळ द्यावा. तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात सोलापुरात शर्यत घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. होम मैदानाचा परिसर दिसायला कितीही देखणा असला तरी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत तो मागणं हा निव्वळ वेडेपणा होईल. हे आमच्यातल्याही काहींना ऐकवायला हवं.

परवानगीचं म्हणाल, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. एका कार्यालयात आम्हाला ‘रस्त्यावर शर्यत घ्यायला कायद्यानं बंदी आहे’ असं ऐकवण्यात आलं. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 189 मी काढून वाचलं. ते मोटार वाहनांच्या शर्यतींविषयी आहे. त्यालाही राज्य सरकारच्या लेखी संमतीची वाट ठेवलेली आहे. सायकल हे मोटार वाहन नव्हे. त्याच कायद्याच्या कलम 115 नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वाहनांवर तात्पुरती बंदी घालता येते. ती महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. म्हणजे अडीच तासांसाठी लागतो तो कागदाचा एक तुकडा आणि आपल्या वृत्तपत्रात दोन दिवस आधी एक चौकट. ती चौकट आली असती तर कदाचित मागचं पत्र लिहिलंच गेलं नसतं.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात ग्रँड टूर झाली. जागतिक सायकलिंग संघटनेच्या यादीतली पाच दिवसांची स्पर्धा, 437 किलोमीटर, त्यासाठी घाटांतले रस्ते नव्यानं करण्यात आले. टीव्हीवर पाहून आपण टाळ्या वाजवल्या. त्या घोळक्यात एखादं सोलापूरचं पोरगं कधी दिसायचं असेल तर ते तयार होणार कुठं? आमची पोरं बाहेरच्या शर्यतींना जातात तेव्हा ताकदीला कुठं कमी पडत नाहीत. विजापूर रोड, होटगी रोड, सरळसोट सपाट रस्ते, समोरचा वारा. मांड्या तयार होतात. पण वळण आलं की आपला गडी घाबरून ब्रेक लावतो, चार सायकलींचं अंतर पडतं, ते भरून काढायला पुन्हा सगळी ताकद ओतावी लागते. दहा वळणं झाली की तो संपला. वळण शिकायला बंद रस्ताच लागतो, चालत्या रहदारीत ते शिकायला जाणं म्हणजे हात-पाय मोडून घेणं.

येत्या हंगामासाठी आम्ही नवा अर्ज करतोय. त्यात चार तारखा आहेत, वेढ्याचा नकाशा आहे, प्रत्येक फाट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर आहे आणि आत अडकणाऱ्या कारखान्यांच्या चौकीदारांशी आधी बोलून घेण्याची हमीही आहे. संबंधितांनी एका खिडकीवर निकाल द्यावा: हो तर हो, नाही तर कारणासह नाही. आणि हो म्हणणार असतील तर दुसऱ्या वळणावरचं वर आलेलं गटाराचं झाकण तेवढं हंगामाआधी बसवून द्यावं. फक्की आम्ही आमच्या शर्यतीपुरती टाकतो. रात्रपाळीहून मोटरसायकलवर घरी जाणाऱ्या कामगाराला ती दिसत नाही.

आपला,
एक हौशी सायकलपटू,
जुळे सोलापूर