सर्कस आमच्या मुलांसाठीही उभी राहू द्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. पत्र पूर्ण वाचायला आपल्याला सवड होईल न होईल, म्हणून मागणी आधीच सांगते. सर्कस आणि नाटक एकत्र असलेला, लहान मुलांसाठीचा एक प्रयोग सरकारनं उभा करावा. आणि तो बसवताना पहिल्या तालमीपासून दिव्यांग मुलं आणि त्यांच्या घरची माणसं हीच प्रेक्षक म्हणून समोर धरावीत.

ही मागणी सांगलीतून यावी हे साहजिक आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला तो इथेच. याच जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ लावला. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस गाजली. नाटक आणि सर्कस दोन्ही ज्या मातीत रुजली, तिथल्या मुलांना या दोन्हींच्या दारातून परत यावं लागतं, हे मला सहन होत नाही.

परत यावं लागतं म्हणजे काय, ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका ऑटिस्टिक मुलाला घेऊन त्याचे आईवडील, आजी आणि धाकटी बहीण बालनाट्याला गेले. तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि ढोलकीची थाप कर्ण्यावरून धडाधडा आली. तो उठून ओरडला. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, "ताई, बाहेर न्या त्याला." आई बाहेर आली, पाठोपाठ सगळंच घर बाहेर आलं. बहीण घरी पोचेपर्यंत रडत होती. आणि हा पोरगा? लॉबीच्या उजेडात तो दोन मिनिटांत शांत झाला, बंद दाराला कान लावून आतली पेटी ऐकत राहिला. त्याला नाटक हवंच होतं, नको होता तो अंधार आणि तो दणका.

असा प्रयोग करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. प्रेक्षागृहातले दिवे मंद ठेवायचे, पूर्ण घालवायचे नाहीत. झांजांचा आणि फटाक्यांचा अचानक आवाज करायचा नाही, झगमगते दिवे टाळायचे. दार उघडं ठेवायचं. मूल उठलं, फिरलं, ओरडलं, बाहेर जाऊन परत आलं तरी कुणी हटकायचं नाही. जवळच्या एका खोलीत गादी घालून ठेवायची. आत काय काय दिसणार आहे, याची चित्रांची पुस्तिका आठवडाभर आधी घरी द्यायची, कारण आमच्या बऱ्याच मुलांना अचानक घडणाऱ्या गोष्टींचीच भीती वाटते. व्हीलचेअरची जागा शेवटच्या रांगेमागे कोपऱ्यात नको, आईवडिलांच्या शेजारी हवी. आणि एक गोष्ट जिचा विचार कुणीच करत नाही: दहा-बारा वर्षांच्या मुलाचं डायपर बदलायला आडवं झोपवता येईल असं बाक असलेलं स्वच्छतागृह. ते नसतं म्हणून कितीतरी आया दोन तासांसाठीसुद्धा घराबाहेर पडत नाहीत.

सर्कसच का, तर तिला भाषा लागत नाही. बहिऱ्या मुलाला आणि तीन वर्षांच्या बाळाला झुल्यावरची झेप सारखीच कळते. आमच्या शाळेच्या अंगणात दोरीच्या मल्लखांबाच्या मुली आल्या होत्या. आमची एक विद्यार्थिनी पूर्ण अंध आहे. तिच्या हातात दोरीचं खालचं टोक दिलं. दोरी ताणली गेली, थरथरली, तशी ती सांगू लागली, "आता वर गेली… आता थांबली… आता उलटी झाली!" एकदाही चुकली नाही. बाकीची मुलं वर बघायचं सोडून तिच्याकडे बघत होती.

हे जगात नवीन नाही. न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कसनं १९८७ पासून अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी खास खेळ केले. हेडफोनवर वर्णन, सांकेतिक भाषेचे दुभाषी. आपल्याकडे तर मल्लखांब दिव्यांग मुलांपर्यंत नेणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली आहे. म्हणजे शिकवणारी माणसं इथेच आहेत. काम नसलेले सर्कस कलावंतही आहेत. तंबू उतरले तशी ही माणसं मिळेल त्या कामाला लागली, त्यांच्या अंगात मुरलेली कसरत अजून गेलेली नाही.

आपलं खातं दिव्यांग बालनाट्य स्पर्धा घेतं, त्याबद्दल मनापासून आभार. ती मुलं रंगमंचावर येतात तेव्हा टाळ्या पडतात. पण त्याच मुलांनी रविवारी सकाळी नाटक बघायला जायचं म्हटलं तर कुठे जावं? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवनाचा आणि करमणुकीचा समान हक्क देतं. सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. नाट्यगृहं बहुतेक महापालिका, नगरपालिकांची, हे मी जाणते. म्हणूनच नुसत्या रॅम्पची वाट बघत बसू नये असं वाटतं. आवाज कमी करायला, दार उघडं ठेवायला बांधकाम खात्याची मंजुरी लागत नाही.

नव्या नाटकांना सरकार अनुदान देतं. बालनाट्याच्या अनुदानाला एवढी एक अट जोडा, की प्रत्येक दौऱ्यात एक तरी प्रयोग असा मोकळा व्हावा आणि सोबत येणाऱ्या मदतनिसाला तिकीट नसावं. सर्कस-नाटकाचा पहिला प्रयोग येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीत लावा, सकाळी अकराचा, पाऊण तासाचा. तालमीला मुलं हवी असतील तर आमची शाळा तयार आहे. काय चालतं, काय नाही, हे ती तुमच्या दिग्दर्शकाला पाच मिनिटांत दाखवतील. उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक विशेष शिक्षिका, सांगली