रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

मी तुम्हाला आठवेन की नाही कोण जाणे. त्या रात्री मला उचलूनच आणलं होतं. तळहात-तळपायांना भयंकर खाज, ओठ सुजलेले, घसा आवळलेला, बीपी पार खाली. मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिलंत आणि श्वास परत आला. जीव वाचवलात, ते ऋण आहेच.

नंतर सिस्टर पॅन्टोप्राझोलचं, म्हणजे पित्ताचं, इंजेक्शन भरून आल्या. अ‍ॅडमिट केलं की बहुतेकांना देतातच, त्यांचा काय दोष! तुम्ही म्हणालात, "थांबा." आणि आईला विचारलंत, "याआधी असं झालं, तेव्हा ही काय काय घेत होती?"

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आधी दोनदा असंच झालं होतं. एकदा पेनकिलरवर खापर फुटलं, एकदा अँटिबायोटिकवर. सोबत पित्ताची गोळीही होती, हे मी दोन्ही वेळा सांगितलं होतं. "ती कुणाला बाधते का?" म्हणत ते उडवून लावलं आणि घरी सोडताना तीच गोळी पुन्हा लिहून दिली! मॅडम, तो राग अजून गेलेला नाही. तिसऱ्या वेळी जळजळ होते म्हणून मी ती एकटीच घेतली होती.

सकाळी तुमची ड्यूटी संपलेली, डोळे तारवटलेले. तरी स्टूल ओढून आईजवळ बसलात. ती चष्मा विसरली होती, म्हणून कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलंत: ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, लॅन्सोप्राझोल, रॅबेप्राझोल. "एक बाधली की तिची भावंडंही बाधू शकतात. तपासणी होईपर्यंत शेवटी 'प्राझोल' दिसलं की गोळी खाली ठेवायची." आईकडून नावं वदवून घेतलीत. ती रॅबेप्राझोलला अडखळली, तर तिला जमेपर्यंत थांबलात. आमच्या माणसाशी इतकं सबुरीनं कुणी बोललं नव्हतं. हुशार डॉक्टर भेटतात हो, पण समोरच्याचं खरं मानून ऐकून घेणारं माणूस भेटायला नशीब लागतं.

काही आठवड्यांनी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी त्वचेची चाचणी केली. तुमचा संशय खरा निघाला.

परवा दाढ काढली. चिठ्ठीत अँटिबायोटिकखाली सवयीनं पॅन्टोप्राझोल आलंच. मी पर्स उघडायच्या आत आई म्हणाली, "डॉक्टर, ते प्राझोल खोडा."

तुमची,
कार्डवाली पेशंट