कॅन मोजले, चहाचे काय?

महोदय,

उच्च कॅफिनयुक्त एनर्जी ड्रिंकची विक्री शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात बंद करण्याची ग्वाही तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत दिली होती. शाळकरी मुलांपुरते ते योग्यच आहे. परंतु सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवताना मला जे दिसते, ते मीटरमध्ये मोजण्यासारखे नाही. स्पर्धा परीक्षेची तारीख जाहीर झाली की सकाळी केर काढताना रिकामे कॅन, चहाचे कागदी कप आणि इन्स्टंट कॉफीच्या फाडलेल्या पुड्या एकाच डब्यातून निघतात.

गेल्या परीक्षेआधी रात्री दीडच्या सुमारास एक मुलगा छातीत धडधडते म्हणून जिन्यातच बसला. त्याच्या हाताला कंप सुटला होता. ईसीजी सुदैवाने व्यवस्थित आला. दिवसभरात काय काय प्यायलास, असे डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने दोन कॅन तेवढे सांगितले. दोन कॉफ्या आणि चार कप चहा खोदून विचारल्यावर निघाले, कारण चहा त्याच्या हिशेबातच नव्हता.

नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये फार तर ७५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ आणि तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे सांगून दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. कॅन ७५ चे धरले आणि चहा-कॉफी कमीत कमी धरली, तरी या मुलाची बेरीज ३७० होते.

कॅफिनने थकवा जात नाही. झोपेची जाणीव करून देणाऱ्या अ‍ॅडिनोसिनची जागा ते मेंदूत अडवून बसते, एवढेच. निरोगी प्रौढाच्या शरीरातून त्यातले निम्मे जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री अकराचा कॅन पहाटे चारलाही अर्धा शिल्लक असतो, आणि वाचलेले पक्के होण्यासाठी लागणारी झोप नेमकी तेव्हाच उडालेली असते. त्यातच रोजची सवय परीक्षेच्या दिवशी अचानक मोडली, तर डोके ठणकू लागते ते वेगळेच.

कॅनवर इशारा असतो, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. एका कॅनमध्ये एकूण किती मिलिग्रॅम कॅफिन आहे, हा आकडा महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅनच्या दर्शनी बाजूस ठळक मराठीत छापण्याची सक्ती व्हावी, आणि शाळांचा विचार करणाऱ्या शासनाने अभ्यासिका व वसतिगृहांच्या परिसराचाही विचार करावा, अशी विनंती आहे. यात मीही नामानिराळा नाही; कॉफीसाठी विजेची किटली मीच ठेवली होती. आता ती संध्याकाळी सातनंतर कपाटात जाते, आणि त्यावरून नाराज होऊन दोघे जण शेजारच्या अभ्यासिकेत गेले आहेत.

– एक अभ्यासिकाचालक, सदाशिव पेठ, पुणे