सुभेदारसाहेब, कोहिमा समजावून दिल्याबद्दल

आदरणीय सुभेदारसाहेब,
सप्रेम जय हिंद.

ब्रिटिश सेकंड डिव्हिजनवरचं व्याख्यान परवा पार पडलं. ते रंगलं ते तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र चारचौघांत.

कागदावरचं माझ्याकडे होतंच. १९४० मध्ये ही डिव्हिजन फ्रान्समध्ये लढली. २७ मे रोजी ल पारादी गावात शरण आलेल्या ९७ जणांना हिटलरच्या एसएस दलाने गोळ्या घातल्या; त्यांतले बहुतेक तिच्याच रॉयल नॉरफोक पलटणीचे. १९४२ मध्ये ती हिंदुस्थानात आली, मुक्काम आपल्या नगरकडे. सराव समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा, आणि एप्रिल १९४४ मध्ये रवानगी कुठे, तर नागा डोंगरांतल्या पाच हजार फुटांवरच्या कोहिम्याला, जपान्यांशी लढायला! यावर तुम्ही खो खो हसलात. "फौज आहे ती," म्हणालात.

माझं घोडं अडलं होतं ते पुढे. कोहिम्याचा जपानी वेढा २० एप्रिलला सुटला, मग तिथून इम्फाळला जाणारा रस्ता मोकळा व्हायला २२ जून का उजाडला?

तुम्ही खाटेवर घोंगडी टाकली, चिमटीने डोंगरधारा उभ्या केल्या आणि एका घडीवर सुपारी ठेवली: डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट. दोन्ही बाजू इतक्या जवळ की तोफ डागली तर आपलीच माणसं मरायची. जपानी बंकर उतारात खोदलेले. गोळा एक तर वरून जायचा, नाही तर अलीकडे पडायचा. म्हणूनच १३ मे रोजी डॉर्सेट पलटणीच्या मदतीला एक ली रणगाडा थेट कोर्टावर उतरवावा लागला आणि त्याने समोरासमोर बंकर फोडले. पुस्तकात हे चार वेळा वाचलं होतं. कळलं सुपारीमुळे.

आणि कोहिम्याजवळच्या पुलीबाडझे डोंगराच्या जंगलातून डिव्हिजनची चौथी ब्रिगेड वळसा घालून गेली, तेव्हा ओझी वाहणारे, वाटा दाखवणारे नागा. "एक जखमी खाली आणायला चार खांदे लागतात, वर पाऊस," एवढंच तुम्ही म्हणालात. त्या भागात नोकरी काढलेला माणूसच हे असं सांगू शकतो. व्याख्यानात मी नागांना दोन मिनिटं दिली होती, ती पंधरा केली.

डिव्हिजनचे प्रमुख जनरल ग्रोव्हर यांच्याबद्दल मात्र आपलं जमायचं नाही. कोहिमा जिंकूनही जुलैत त्यांना पदावरून हटवलं. तुमच्या मते त्यांनी वेळ घालवला. तुमच्याच घोंगडीवरच्या त्या धारा पाहून मला ते पटत नाही. वरच्यांना नकाशा दिसत होता, चढ दिसत नव्हता.

आता मणिपूरमधलं सांगशाक घेऊ. मार्च १९४४ मध्ये पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपली चौथी मराठा पलटण तिथे चिवटपणे लढली आणि कोहिम्याकडे निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस गेले. हे व्याख्यान तुम्ही द्यायचं. माईक मी धरतो.

आपला,
नगरचा एक इतिहासवेडा