मठीचे माळवद वाचविण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील आपल्या गावचे वाचनालय ज्या वास्तूत भरते, ती मुळात महानुभाव तपस्विनींची मठी होती. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात स्त्रियांनाही संन्यासाचा मार्ग मोकळा केला आणि महदाइसेसारख्या शिष्येने धवळे, म्हणजे विवाहगीते, रचले. त्याच परंपरेतील या बाया भिक्षा, नामस्मरण आणि पोथ्यांचे वाचन यांत येथे आयुष्य घालवीत. माहेर व सासर दोन्ही अंतरलेल्या बाईला हक्काचा निवारा आणि अक्षरओळख मिळावी अशी दुसरी जागा तेव्हा गावात क्वचितच असेल. शेवटच्या तपस्विनीच्या पश्चात पंथाच्या मंडळींनी ही जागा संमतीने वाचनालयाला दिली, आणि पोथ्यांच्या देवळ्यांत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांत, आता दिवाळी अंक मांडलेले असतात.

मठीच्या भिंतीला रस्त्याकडे एकही खिडकी नाही. उजेड येतो तो चौकातून आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, झरोक्यांतून, त्यामुळे दुपारी वाचणाऱ्याला कवडशामागे सतरंजी सरकवीत जावे लागते. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचण म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर आणि वर खारी माती अशी छताची रचना आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाची धास्ती बसली, आणि ती खोटी नव्हती. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडाने जोडलेले नसत; धक्क्याने ते सुटले आणि वर्षानुवर्षे भर घालून जड झालेली छते माणसांवर आली. मात्र जेथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खणांवर, म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटीवर, तोललेले होते, तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. आपली मठी अशीच खणांची आहे.

सध्या दोन खांबांचे बूड कुजले असून पावसाळ्यात ओसरी गळते. सगळे पाडून स्लॅब टाकावा, अशी सूचना काहींनी केली. मातीतल्या भिंतींवर तो भार घालणे कार्यकारी मंडळाला धोक्याचे वाटते. त्याऐवजी जास्तीची माती उतरवून वीतभर थर ठेवणे, त्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरणे, खांब व तुळईच्या सांध्याला तिरपे लाकडी टेके देणे आणि भिंतींत आरपार जोडदगड बसविणे, असे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली करण्याचे ठरले आहे.

यासाठी पैसा हवाच. परंतु ज्यांनी आपले वाडे उतरविले, त्यांच्या गोठ्यात सागवानी तुळया पडून असतील तर त्यांची गरज अधिक आहे, कारण तसे जुने, मुरलेले लाकूड बाजारात सहज मिळत नाही. माती उतरविण्यासाठी तरुणांनी श्रमदान करावे. मठीतील तपस्विनींना पाहिलेल्या आजीबाईंनी आठवणी सांगाव्यात. त्या लिहून घेण्याची व्यवस्था वाचनालयात केली आहे.

काम मृगाआधी उरकावयाचे असल्याने लाकूड व देणगी अक्षय्यतृतीयेपर्यंत पोचवावी आणि रोख रकमेची पावती आठवणीने मागून घ्यावी.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय