करदर बदलला तरी बिल जुनेच

मा. संपादक, स. न.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे हजाराच्या कोल्हापुरी चपलेचे बिल ११२० ऐवजी १०५० रुपये झाले. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला की भागले, असे वाटते. पण तो आकडा फंक्शनच्या (ठराविक काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याच्या) डीफॉल्ट पॅरामीटरला, म्हणजे किंमत न दिल्यास आपोआप धरल्या जाणाऱ्या जागी, दिलेला असेल, तर नेहमीच भागते असे नाही. महाविद्यालयांत आणि क्लासेसमध्ये हा विषय ‘किंमत दिली नाही तर डीफॉल्ट घेतो’ एवढ्यावर उरकला जातो. ती डीफॉल्ट किंमत ठरते केव्हा, हा खरा प्रश्न राहूनच जातो.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘करदर = १२’ हे ग्लोबल व्हेरिएबल (प्रोग्रॅमभर वापरता येणारी, बदलता येणारी किंमत) आणि ‘बिल(रक्कम, दर=करदर)’ असे फंक्शन लिहिले, तर फंक्शनची व्याख्या वाचली जाताना, एकदाच, दर १२ ठरतो. पुढे चालू प्रोग्रॅममध्ये करदर ५ केला तरी ‘बिल(१०००)’ ११२० च सांगते. एरर नाही, इशारा नाही. डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट ठेवून तीत माल भरत गेल्यास याच कारणाने पहिल्या गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्याच्या बिलात उतरतो.

जावास्क्रिप्ट आणि सी प्लस प्लसमध्ये मात्र प्रत्येक कॉलला, म्हणजे फंक्शन वापरले जाईल त्या प्रत्येक वेळी, त्या वेळचा करदर घेतला जातो. पीएचपीत डीफॉल्टला कॉन्स्टंट (न बदलणारी किंमत) चालतो, ग्लोबल व्हेरिएबल दिले तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. हा कडकपणा आम्हाला उपकारकच वाटतो.

सर्वांत फसवा प्रकार सी शार्पचा. तिथे डीफॉल्टला कंपाइल करतानाच (प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलतानाच) ठरणारी किंमत लागते, आणि ती फंक्शनमध्ये नव्हे, तर त्याला कॉल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भरली जाते. त्यामुळे दर बदलून नुसती फंक्शनची नवी डीएलएल फाइल (मुख्य प्रोग्रॅमला जोडलेली वेगळी फाइल) दुकानातल्या संगणकावर टाकली, तर मुख्य प्रोग्रॅम १२ च पाठवत राहतो. तोही पुन्हा कंपाइल करावा लागतो.

पायथॉनमधला उपाय साधा आहे: डीफॉल्ट ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवायचा आणि फंक्शनच्या आत, दर नन असेल तरच, करदर वाचायचा. इथे ‘दर ऑर करदर’ असा आडमार्ग घेऊ नये. सुट्या गुळावर कर ० टक्के आहे, आणि ‘ऑर’ त्या शून्याला ‘दिलेच नाही’ समजून ५ टक्के लावतो. कोल्हापूरच्या गूळ बाजारात हे चालायचे नाही. जावास्क्रिप्टमध्ये याच्या उलट घोळ होतो: डीफॉल्ट फक्त ‘अनडिफाइन्ड’ला (किंमत दिलीच नसेल तर) लागू होतो, डेटाबेसमधून आलेल्या ‘नल’ला (रिकाम्या नोंदीला) नाही. गुणाकारात नलचे शून्य होते आणि बिल कराविना छापले जाते.

मुळात करदर हा कॉन्स्टंट नव्हेच. क्विंटलचे १०० किलो हा कॉन्स्टंट. तो खुशाल डीफॉल्टला द्यावा. करदर तारखेवर अवलंबून असतो. २२ सप्टेंबरपूर्वी विकलेली चप्पल नंतर परत आली, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणारी पावती) १२ टक्क्यांनीच निघायला हवी. म्हणून बिलाच्या फंक्शनला तारीख सक्तीची ठेवावी, करदर तारखांच्या तक्त्यातून शोधावा, आणि दराला डीफॉल्टच देऊ नये. तारीख द्यायची राहिली तर प्रोग्रॅम अडेल, पण चुकीचे बिल गिऱ्हाइकाच्या हातात पडणार नाही.

बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात जावास्क्रिप्ट आणि पीएचपी दोन्ही आहेत. शिक्षकांनी वरचे फंक्शन या दोन्ही भाषांत आणि जोडीला पायथॉनमध्ये लिहून घ्यावे. मध्ये करदर बदलून ‘बिल(१०००)’ पुन्हा कॉल केल्यावर काय उत्तर येईल, ते विद्यार्थ्यांना आधी वहीत लिहायला लावावे आणि मगच प्रोग्रॅम चालवावा.

— संगणक विषयाचे काही शिक्षक, कोल्हापूर