दमलेला संघ आणि सोडून दिलेला पाठलाग : केंद्रीय क्रीडामंत्र्यांस खुले पत्र

मा. केंद्रीय युवक व्यवहार व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या सीमाभागात कुस्तीचे मैदान भरते तेव्हा जोड तोलामोलाची आहे की नाही हे आधी पारखले जाते, आणि दोघे पैलवान नुसते एकमेकांना धरून उभे राहिले तर चारी बाजूंनी निकाली कुस्तीची मागणी सुरू होते. ज्यांची नजर अशा आखाड्यांवर घडली आहे, त्यांना आज रग्बी आणि कसोटी क्रिकेट पाहताना नेमक्या याच दोन गोष्टी हरवल्यासारख्या वाटतात, म्हणून हे पत्र.

रग्बी पाहणारे आमच्याकडे थोडे आहेत, हे मान्य. परंतु अन्याय ओळखायला खेळाचे सारे नियम पाठ असावे लागत नाहीत. 19 सप्टेंबर 2015 रोजी रग्बी विश्वचषकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे जपानने दोन वेळच्या विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेला 34-32 असे हरवले आणि अवघ्या चार दिवसांनी त्याच जपानला स्कॉटलंडसमोर उभे केले गेले, ज्या स्कॉटलंडचा तो स्पर्धेतील पहिलाच सामना होता. जपान 45-10 असा हरला, आणि पुढे गटात तीन सामने जिंकूनही त्याला उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. त्याआधी 2011 च्या विश्वचषकात नामिबियाला चार सामने सतरा दिवसांत खेळावे लागले होते. गटात पाच संघ असले की दर फेरीत एक संघ रिकामा राहतो आणि कोणाला तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी खेळावे लागते. तो भार प्रामुख्याने दुबळ्या संघांवर पडत गेला, कारण बड्या संघांचे सामने दूरचित्रवाणीसाठी शनिवार-रविवारी हवे असतात. 2023 मध्ये साखळी फेरी आठवड्याने लांबवून प्रत्येक संघाला किमान पाच दिवसांची विश्रांती दिली गेली, आणि 2027 मध्ये चोवीस संघ चार-चारच्या सहा गटांत खेळतील. म्हणजे इच्छा असली की वेळापत्रक बदलता येते. मग इतकी वर्षे ते का बदलले नाही, हा आमचा प्रश्न आहे.

क्रिकेटचे दुःख अधिक जवळचे आहे. जुलै 2011 मध्ये डॉमिनिका येथे वेस्ट इंडिजविरुद्ध भारताला 15 षटकांत 86 धावा हव्या होत्या, सात गडी हाताशी होते, आणि मालिकेत 1-0 अशी आघाडी असताना आपल्या संघाने हस्तांदोलन करून सामना अनिर्णित सोडून दिला. जून 2021 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडने न्यूझीलंडविरुद्ध 75 षटकांत 273 धावांचा पाठलाग करण्याचा विचारच केला नाही आणि 3 बाद 170 वर समाधान मानले. अनिर्णित सामना वाईटच, असे आम्ही मुळीच मानत नाही: 1979 मध्ये इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर सुनील गावसकरांच्या 221 धावांच्या बळावर भारत 438 चा पाठलाग करत 8 बाद 429 पर्यंत पोहोचला, तो सामना अनिर्णितच राहिला आणि आजही अभिमानाने सांगितला जातो. आमची तक्रार प्रयत्नच न करण्याविषयी आहे. कानपूरला 2024 मध्ये पावसाने दोन दिवस खाऊनही भारताने बांगलादेशाविरुद्ध 34.4 षटकांत 9 बाद 285 धावा करून डाव घोषित केला आणि सामना जिंकला. धाडसाला जागा असते, ती शोधावी लागते.

कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत विजयाला 12 आणि अनिर्णित सामन्याला 4 गुण मिळतात, म्हणजे जो संघ पाठलागच करत नाही त्यालाही काहीतरी पदरात पडते. शिवाय सर्व संघ सर्वांशी खेळतही नाहीत: 2023-25 च्या फेरीत अंतिम सामन्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला इंग्लंड वा ऑस्ट्रेलिया आलेच नाहीत. जगज्जेता ठरवणारी ही पद्धत आम्हाला अपुरी वाटते.

सरकारने मैदानातील डावपेचांत हात घालावा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने संघटनांमध्ये खेळाडूंच्या समित्यांची तरतूद केली आहे. देशातील कोणत्याही राष्ट्रीय स्पर्धेचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी दोन सामन्यांमधील विश्रांतीचा तपशील या समितीपुढे ठेवणे बंधनकारक करावे, ही आमची पहिली विनंती. दुसरी अशी की, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत भारताच्या शब्दाला आज जे वजन आहे, ते वापरून अनिर्णित सामन्याचे गुण कमी करण्याचा आणि सामन्यांची वाटणी समान करण्याचा प्रस्ताव आपल्या प्रतिनिधींनी मांडावा, यासाठी आपण क्रिकेट मंडळाशी बोलावे. या दोन्ही विनंत्यांवर आपल्या मंत्रालयाची भूमिका जाहीरपणे कळावी, ही अपेक्षा.

आपला नम्र,
बेळगाव येथील एक क्रीडाप्रेमी